लिनक्सवर टेक्स्ट एक्स्पॅन्डर: बटण कोण पाहतं, मजकूर कोण घालतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. काम मराठी अनुवादाचं, मशीनवर उबुंटू २४.०४. विंडोजवर असताना दोन-चार अक्षरं टाइप केली की अख्खं वाक्य उमटायचं, तीच सोय इथे हवी आहे. त्यासाठी ऑटोकी हा टेक्स्ट एक्स्पॅन्डर टाकला, शॉर्टफॉर्म सेव्ह झाले, पण फायरफॉक्समध्ये काहीच उमटत नाही. मैत्रिणीच्या लिनक्स मिंटवर एस्पान्सो हा दुसरा एक्स्पॅन्डर टाकला. तिथे इंग्रजी बरोबर येतं, पण मराठीच्या जागी कधीकधी मघाशी कॉपी केलेलं भलतंच काहीतरी येऊन बसतं. चूक कुठे होतेय?

उत्तर लांब आहे. आज्ञा आणि सेटिंगांची नावं मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच ती रोमनमध्ये टाइप करा.

आधी एक उलटा सवाल. तुमचं सगळं टायपिंग लिब्रेऑफिस रायटरमध्येच होतं का? होत असेल तर वेगळं काही टाकूच नका. मजकूर निवडा, कंट्रोल-एफ३ दाबून ऑटोटेक्स्टची खिडकी उघडा, नाव आणि शॉर्टकट द्या. पुढे तो शॉर्टकट टाइप करून नुसतं एफ३ दाबलं की मजकूर हजर. ही सोय रायटरच्या पोटातली आहे, त्यामुळे खाली सांगतोय त्यातली एकही भानगड तिला लागू होत नाही. कितीतरी जणांचं काम एवढ्यात भागतं आणि त्यांना ते ठाऊक नसतं. पण तुम्ही फायरफॉक्सचं नाव घेतलंत, म्हणजे मेल आणि क्लायंटच्या वेबसाइटवरचं कामही असणार. मग पुढे वाचा.

टेक्स्ट एक्स्पॅन्डर तीन कामं करतो. तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण पाहतो. ओळखीची अक्षरं दिसली की तेवढे बॅकस्पेस मारून ती पुसतो. आणि त्या जागी मोठा मजकूर घालतो. पाहणं, पुसणं, घालणं. बिघाड झाला की तो या तिन्हींपैकी कुठल्या पायरीवर झाला एवढं आधी ठरवायचं. तुमच्या मशीनवर पाहणंच बंद आहे आणि मैत्रिणीच्या मशीनवर घालणं चुकतंय. हे दोन वेगळे आजार आहेत, एकाच औषधाने बरे होणार नाहीत.

तुमचा आजार आधी. लिनक्सच्या डेस्कटॉपखाली पडद्याचं आणि कीबोर्डचं काम पाहणारी एक व्यवस्था असते. जुनी एक्स११, १९८७ पासूनची. तिच्यात कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्याही खिडकीत दाबलेली बटणं पाहू शकतो. ऑटोकीसारख्यांना हे सोयीचं, पण पासवर्ड चोरणाऱ्यालाही तेवढंच सोयीचं. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडने हा दरवाजाच बंद केला. ज्या खिडकीवर तुम्ही आहात, बटणं फक्त तिलाच मिळतात. उबुंटूवर २१.०४ पासून वेलँड हाच मूळ पर्याय आहे. ऑटोकी एक्स११ साठीच लिहिलेलं आहे, त्यामुळे वेलँडवर ते आंधळं असतं. आणखी गोंधळ असा की काही जुने प्रोग्रॅम वेलँडवरही एक्सच्या सुसंगती-थरातून चालतात आणि त्यांच्यात ऑटोकीला दिसतं. म्हणून माणसाला वाटतं, इथे चालतंय, तिथे नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. तुमचं काही चुकलेलं नाही. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर मूळ पर्याय अजून एक्स११ च आहे, म्हणून मैत्रिणीकडे निदान इंग्रजी तरी आलं.

खात्री करून घ्या. टर्मिनलमध्ये ‘एको’ लिहून पुढे डॉलरचिन्हासह ‘एक्सडीजी सेशन टाइप’ हे चल (व्हेरिएबल) द्या, सगळं कॅपिटल अक्षरांत आणि मध्ये अंडरस्कोर. उत्तर ‘वेलँड’ किंवा ‘एक्स११’ असं येईल.

आता निवड. तुम्ही २४.०४ वर आहात म्हणून दोन्ही रस्ते मोकळे आहेत. लॉगिनच्या पडद्यावर नावावर क्लिक केल्यानंतर खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं, त्यात ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ निवडलं की तुम्ही एक्स११ वर. २५.१० मध्ये उबुंटूने ही सोय काढून टाकली, पण २४.०४ ला २०२९ पर्यंत आधार आहे, म्हणजे घाई नाही. माझं स्पष्ट मत: मराठी-इंग्रजी अशी सतत अदलाबदल करणाऱ्याने आज झॉर्गवर राहावं आणि त्यावर एस्पान्सो टाकावं. ऑटोकी नको. ते वाईट नाही, पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला तर फार ताकदीचं आहे, पण त्यात घातलेली मेहनत वेलँडवर जाताना सोडून द्यावी लागेल. एस्पान्सोच्या शॉर्टफॉर्मच्या फाइली दोन्हीकडे तशाच्या तशा चालतात.

एस्पान्सो हे रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं, फेडरिको टर्झी या इटालियन प्रोग्रॅमरने २०१९ मध्ये आणलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. गिटहबवर त्याच्या रिलीजच्या पानावर दोन डेब फाइली, म्हणजे उबुंटूवर सॉफ्टवेअर टाकायच्या फाइली, दिसतील, एकीच्या नावात ‘एक्स११’ आणि दुसरीच्या नावात ‘वेलँड’. लोक इथेच चुकतात: पहिली दिसली ती घेतात. तुमच्या सेशनची घ्या. डेब टाकून झालं की ‘एस्पान्सो सर्व्हिस रजिस्टर’ आणि मग ‘एस्पान्सो स्टार्ट’. कुठल्याही खिडकीत कोलन आणि त्याला जोडून ‘एस्पान्सो’ टाइप करा. ‘हाय देअर’ असं इंग्रजीत उमटलं, तर पाहणं, पुसणं, घालणं तिन्ही सुरू आहेत. नाही उमटलं तर ‘एस्पान्सो स्टेटस’ आणि ‘एस्पान्सो लॉग’ या दोन आज्ञा काय म्हणतात ते आधी वाचा, लगेच काढून पुन्हा टाकायला जाऊ नका.

वेलँडवरच राहायचं असेल तर एक पायरी जास्त आहे. तिथे एस्पान्सो खिडक्यांच्या व्यवस्थेला वळसा घालून थेट कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, बटणं वाचतं, आणि त्यासाठी त्याला खास परवानगी लागते. ‘सेटकॅप’ या आज्ञेने एस्पान्सोच्या फाइलीला ‘कॅप डॅक ओव्हरराइड’ ही क्षमता द्यायची, पुढे अधिक-पी. ही परवानगी त्या फाइलीला चिकटलेली असते. नवीन आवृत्ती टाकली की फाइल बदलते आणि परवानगी गळून पडते. ‘कालपर्यंत चालत होतं, अपडेटनंतर बंद पडलं’ ही तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते, सेटकॅप पुन्हा चालवा. कुणी सांगेल की स्वतःचं नाव ‘इनपुट’ गटात घाला म्हणजे सुटलात. तसं करू नका. त्याने तुमच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला कीबोर्ड उघडा होतो, म्हणजे वेलँडने लावलेलं दार आपल्याच हाताने काढून ठेवल्यासारखं. शिवाय ‘डब्ल्यूएल-क्लिपबोर्ड’ हे पॅकेज असल्याची खात्री करा, मराठीसाठी ते लागतंच.

फाइली घरच्या फोल्डरमधल्या ‘डॉट कॉन्फिग’मध्ये ‘एस्पान्सो’ नावाच्या फोल्डरात असतात. ‘एस्पान्सो पाथ’ विचारलं की नेमकी जागा कळते. आत दोन फोल्डर: ‘मॅच’मध्ये तुमचे शॉर्टफॉर्म, ‘कॉन्फिग’मध्ये त्याच्या वागण्याचे नियम. मॅचमधली ‘बेस’ नावाची फाइल उघडा. तिच्यात नमुने आधीच लिहिलेले असतात. नवीन काही रचण्यापेक्षा नमुन्याच्या दोन ओळी कॉपी करून खाली चिकटवा आणि ‘ट्रिगर’ व ‘रिप्लेस’ पुढचा मजकूर बदला. ही यॅमल पद्धतीची फाइल आहे. तिला टॅब चालत नाही, स्पेसच लागतात आणि वरच्या नमुन्याइतकेच लागतात. बंद पडलेल्या फाइलींत टॅब हा नेहमीचा आरोपी. सेव्ह केलं की बदल आपोआप लागू होतो, रीस्टार्ट करावं लागत नाही.

आता ट्रिगर कसा असावा यावर थोडं रेंगाळतो, कारण रोजचा त्रास किंवा आराम यावरच ठरतो. एस्पान्सोच्या नमुन्यांत कोलन असतं. चॅटच्या खिडकीत कोलन टाइप केलं की इमोजींची यादी उघडते आणि दोघांची मारामारी सुरू होते. मग लोक अर्धविराम घेतात. इंग्रजीपुरतं ते छान आहे, पण तुम्ही इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड वापरत असाल तर त्या बटणावर ‘च’ बसलाय! स्वल्पविराम मात्र इंग्रजी आणि इन्स्क्रिप्ट दोन्हींत त्याच बटणावर आहे. म्हणून माझे सगळे शॉर्टफॉर्म दोन स्वल्पविरामांनी सुरू होतात. सलग दोन स्वल्पविराम कुठल्याही शुद्ध मजकुरात येत नाहीत, आणि ते टाइप करायला शिफ्ट दाबावं लागत नाही. एक खबरदारी: यॅमलमध्ये स्वल्पविरामाला स्वतःचा अर्थ आहे, तेव्हा ट्रिगर दुहेरी अवतरणात लिहा.

बिनचिन्हाचे ट्रिगर करू नका. मी सुरुवातीला हौसेने ‘पीए’ या दोन रोमन अक्षरांना ऑफिसचा पत्ता जोडला होता. ‘पार्ट’, ‘पेड’, ‘पेमेंट’ असा कुठलाही इंग्रजी शब्द सुरू केला की वाक्याच्या मध्येच पिन कोडसकट चार ओळी. अर्धा दिवस सहन केलं.

मराठीकडे वळू. तुम्ही कोणत्या पद्धतीने मराठी टाइप करता त्यावर पुढचं अवलंबून आहे. सेटिंग्जमधल्या इनपुट सोर्सच्या यादीत ज्या पद्धतीच्या नावामागे ‘एम१७एन’ लिहिलेलं असतं ती आयबस या टायपिंग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममार्फत चालते. ज्यांच्यामागे ते नसतं, ते साधे कीबोर्ड लेआउट. साध्या लेआउटमध्ये एक बटण म्हणजे एक अक्षरचिन्ह. एक्स११ वर एस्पान्सोला तिथे देवनागरीच दिसतं, त्यामुळे एकाच मजकुराला दोन ट्रिगर देता येतात. ‘ट्रिगर’ऐवजी अनेकवचनी ‘ट्रिगर्स’ लिहायचं आणि चौकटी कंसात दोन्ही घालायचे. के आणि एल या बटणांवर इन्स्क्रिप्टमध्ये क आणि त आहेत. म्हणून एक ट्रिगर दोन स्वल्पविराम आणि रोमन के-एल, दुसरा दोन स्वल्पविराम आणि ‘कत’. बोटं तीच, लेआउट कुठलाही असो. हे जमलं की फार बरं वाटतं.

फोनेटिक किंवा आयट्रान्स पद्धत असेल तर मात्र हा खेळ करू नका. तिथे आयबस तुमची रोमन अक्षरं मध्येच पकडून त्यांचं मराठी बनवत असतं. एस्पान्सोला चार बटणं दिसतात, पडद्यावर अक्षरं तीन असतात किंवा पाच, आणि पुसताना हिशेब चुकतो. एक तर आधीच्या शब्दाचं शेपूट उडतं, नाहीतर ट्रिगरचा तुकडा मागे राहतो. सुपर-स्पेस दाबून इंग्रजीवर या, ट्रिगर टाइप करा, परत मराठीवर जा. कटकट वाटते, आठवड्यात हात बसतो.

आता मैत्रिणीचा आजार. छोटा इंग्रजी मजकूर एस्पान्सो जणू स्वतः बटणं दाबून घालतं. मजकूर मोठा असला किंवा देवनागरी असला की ते रस्ता बदलतं. मजकूर क्लिपबोर्डवर ठेवतं, कंट्रोल-व्ही मारतं, आणि लगेच क्लिपबोर्डवर आधी जे होतं ते परत ठेवतं. हा शेवटचा सभ्यपणाच नडतो. समोरचा प्रोग्रॅम मंद असेल, ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे असतील, तर तो पेस्ट करायला वाकेपर्यंत क्लिपबोर्डवर जुना मजकूर परत आलेला असतो. तोच चिकटतो. माझ्या हातून एका क्लायंटला गेलेल्या औपचारिक पत्रात ‘आपला विश्वासू’च्या जागी घरच्या ग्रुपवरची भाजीची यादी गेली होती. क्लायंट समजूतदार होता, पावशेर मिरच्या कशाला म्हणून विचारलं फक्त.

उपाय कॉन्फिग फोल्डरातल्या ‘डिफॉल्ट’ फाइलीत आहे. ‘रिस्टोर क्लिपबोर्ड डिले’ हे सेटिंग अंडरस्कोर जोडून लिहा आणि पुढे ६०० द्या. हे मिलिसेकंद आहेत. तरीही चुकलं तर १०००. पेस्टच होत नसेल, तर त्याच्या आधीचा थांबा म्हणजे ‘प्री पेस्ट डिले’ वाढवा. आणि ‘बॅकएंड’पुढे ‘क्लिपबोर्ड’ लिहून टाका, म्हणजे सगळंच एका रस्त्याने जाईल आणि चुकलं तर एकाच प्रकारे चुकेल. टर्मिनल याला अपवाद. तिथे पेस्ट कंट्रोल-शिफ्ट-व्हीने होतं. झॉर्गवर टर्मिनलसाठी वेगळी फाइल करून तिच्यात ‘पेस्ट शॉर्टकट’ बदलता येतो. वेलँडवर कुठला प्रोग्रॅम समोर आहे हे एस्पान्सोला कळत नाही, तेव्हा प्रोग्रॅमनिहाय नियम तिथे विसरा. झॉर्ग सुचवण्याचं हेही एक कारण.

शॉर्टफॉर्म कशाकशाचे करावे? पत्त्याचे आणि सहीचे सगळेच करतात. मला सर्वांत उपयोगी पडले ते वेगळेच. पहिला मराठी तारखेचा. एस्पान्सोमध्ये ‘शेल’ प्रकारचं चल वापरून ‘डेट’ आज्ञा चालवता येते. तिच्याआधी ‘एलसी ऑल’ला मराठीचं लोकेल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग), म्हणजे एमआर, अंडरस्कोर, आयएन, दिलं की महिन्याचं नाव मराठीत येतं. ते मशीनवर तयार नसेल तर महिना इंग्रजीतच येईल. ‘लोकेल-जेन’ने एकदा तयार करून घ्या. आकडे तरीही इंग्रजी राहतात. ते बदलायला लोक ‘टीआर’ आज्ञा लावतात आणि कचरा मिळवतात, कारण लिनक्सवरचा ‘टीआर’ एकेक बाइट धरून चालतो आणि देवनागरी अंकाला तीन बाइट लागतात. ‘सेड’ आज्ञेतला ‘वाय’ वापरा, त्यात एका बाजूला शून्य ते नऊ इंग्रजी, दुसऱ्या बाजूला ० ते ९. हा ‘सेड’सुद्धा युनिकोड लोकेलमध्येच चालायला हवा, नाहीतर दोन्ही बाजूंची लांबी वेगळी आहे म्हणून अडून बसतो.

दुसरा उपयोग अनुवादकाने तरी सोडू नये असा. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो आणि दुसरा हुलकावणी देतो. ‘ॲ’चंही तसंच. त्याचं स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये आलं, त्याआधीचा मजकूर आणि अजूनही काही कीबोर्ड अ, जोडचिन्ह आणि चंद्र अशी मोळी बांधतात. मी ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ यांचे तीन शॉर्टफॉर्म ठेवलेत. ऱ पासून बनणारं रूप धरलंय, कारण युनिकोडच्या प्रमाणात तेच मुख्य आहे आणि दुसरं जुन्या मजकुरासाठी चालवून घेतलेलं. अनुवादाच्या शब्दसंग्रहात एकच शब्द दोनदा दिसणं त्यानंतर थांबलं.

तिसरा, पत्रातल्या रिकाम्या जागा. रिप्लेसमधल्या मजकुरात डॉलर, उभी रेघ, डॉलर असं जिथे लिहाल तिथे कर्सर जाऊन थांबतो. ‘आपले दिनांक … चे पत्र मिळाले’ यात तारखेच्या जागी हे टाकून पाहा. शॉर्टफॉर्म पन्नासच्या पुढे गेले की आठवत नाहीत. त्यासाठी शोधपट्टी आहे, ऑल्ट-स्पेसने उघडते. पण उबुंटूच्या डेस्कटॉपवर त्याच बटणांनी खिडकीचा मेन्यू उघडतो, म्हणून ‘सर्च शॉर्टकट’ बदलून घ्या.

या फाइलींत पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचा तपशील काही म्हणता काही ठेवू नका. त्या साध्या मजकुराच्या फाइली आहेत, कुणीही उघडून वाचाव्यात अशा. तुम्ही मॅच फोल्डर ड्राइव्हवर किंवा गिटवर ठेवाल, ठेवावाच, आणि तिथून ते कुठे जाईल याचा नेम नाही. पासवर्डसाठी पासवर्ड मॅनेजर आहेत.

तुमच्या मशीनपुरतं बोलायचं तर क्रम असा ठेवा. ऑटोकी काढा, लॉगआउट करून झॉर्गमध्ये या, एक्स११ ची डेब टाका, डिलेचं सेटिंग पहिल्याच दिवशी लिहा, आणि आठवडाभर पाचच शॉर्टफॉर्म वापरा. मैत्रिणीला फक्त तो डिले हवाय, तिच्या मशीनवर बाकी कशालाही हात लावू नका.